चौथी आली तर चॅम्पियन काऊन? लेकीला काय सांगू?

मानेवाड्याची_आई
नमस्कार. माझी लेक आठ वर्षांची आहे. मागच्या वर्षीपासून जिम्नॅस्टिक्सला जाते. आम्ही मानेवाड्याला राहतो आणि क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे सकाळी सव्वापाचला स्कूटी काढावी लागते. घरात सगळ्यांनाच ते पसंत आहे असं नाही. सासूबाई म्हणतात, पोरीनं हातपाय मोडून घेतले तर पुढं निस्तरणार कोण?

परवा सरांनी मुलींना आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिची रिओ ऑलिम्पिकमधली उडी मोबाइलवर दाखवली. तेव्हापासून घरात दिवाणावरून उड्या सुरू आहेत. रात्री झोपताना मला विचारलं, "आई, ती कितवी आली होती?" मी म्हटलं, चौथी. पोरगी उठूनच बसली. "चौथीला तर मेडल भेटत नाही ना? मग सर तिला चॅम्पियन काऊन म्हणतात?"

"खूप मेहनत केली म्हणून," असं काहीतरी मी बोलून गेले. तिला ते पटलं नाही, आणि मलाही नाही. मेहनत तर तिथं आलेल्या सगळ्याच जणींनी केली असेल. तुम्ही काय सांगितलं असतं?

आणखी एक. सर म्हणाले, हिचे तळवे सपाट आहेत, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

तर्री_पोहे
ताई, चौथी म्हणजे वर्गात चौथी नाही, जगात चौथी! हे सांगा तिला.

नंदनवनचा_राजू
ती रात्र मी विसरू शकत नाही. १४ ऑगस्ट २०१६. कॉलनीत दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाची तयारी चालली होती, पताकांच्या दोऱ्या बांधून पोरं आमच्याच घरी टीव्हीसमोर येऊन बसली. अकरा वाजून गेले होते. आमच्यापैकी एकालाही व्हॉल्ट म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळासाठी आमच्या घरात एवढी माणसं मी पहिल्यांदा पाहिली.

ती धावली, हवेत गेली, फिरली, अन् खाली आली तेव्हा एकदम खोल बसली. पोरं ओरडली, "गेली!" अन् ती उठली. हात वर. माझ्या बाबांनी डोळे पुसले. माणूस रेल्वेतून रिटायर झाला, आजीच्या तिसऱ्यालासुद्धा रडला नव्हता.

शेवटी अमेरिकेची सिमोन बाइल्स आली आणि आपली चौथी झाली. पण त्या रात्री आमच्या घरातून कोणी नाराज होऊन गेलं नाही. तुमच्या लेकीला हे उत्तर होत नसेल, मला मात्र तेव्हापासून ती चॅम्पियनच वाटते.

अंक_मोजणारी
मी विद्यापीठाच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांना बरीच वर्षं गुण द्यायला बसले आहे. तेव्हा आकड्यांनी सांगते. आठ वर्षांच्या मुलीला आकडे कळतात, उलट मोठ्यांपेक्षा लवकर कळतात.

व्हॉल्ट म्हणजे धावत येऊन, टेबलावर हात टेकून मारायची उडी. त्याच्या अंतिम फेरीत दोन वेगवेगळ्या उड्या मारायच्या आणि गुणांची सरासरी घ्यायची. प्रत्येक उडीचे गुण दोन भागांत असतात. उडी किती अवघड आहे, हा एक. ती किती नीट मारली, हा दुसरा, आणि तो १० पैकी. दीपाची पहिली उडी त्सुकाहारा, अवघडपणाचे ६.० धरून एकूण १४.८६६. दुसरी प्रोदुनोवा, अवघडपणाचेच ७.०, एकूण १५.२६६. सरासरी १५.०६६. बाइल्सला १५.९६६, रशियाच्या मारिया पासेकाला १५.२५३, आणि तिसऱ्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरला १५.२१६.

म्हणजे कांस्यपदक ०.१५० ने हुकलं. पण ही सरासरी आहे, तेव्हा दोन्ही उड्या मिळून फरक ०.३०० चा. आता खाली उतरताना गुण कसे कापतात ते बघा. लहानसं पाऊल पडलं तर ०.१०, मोठं पाऊल पडलं तर ०.३०, खोल बसलं तर ०.५० पर्यंत, पडलं तर पूर्ण १.००. पदक आणि तिच्यामध्ये एका मोठ्या पावलाएवढं अंतर होतं. घरात फरशीवर पाऊल टाकून दाखवा लेकीला, एवढंच म्हणून.

मानेवाड्याची_आई
वहिनी, हे मी आत्ताच तिला दाखवलं. ती फरशीवर पुन्हा पुन्हा पाऊल टाकून पाहून राहिली आहे.

इतवारीचा_बाप
सगळे कौतुक करून राहिले, मी थोडं वेगळं बोलतो. मला दोन पोरी आहेत.

ही प्रोदुनोवा उडी काय आहे ते आधी समजून घ्या. धावत यायचं, स्प्रिंगबोर्डवरून टेबलावर हात टेकायचे आणि हवेत समोरच्या बाजूनं दोन पूर्ण कोलांट्या. समोरच्या बाजूनं फिरताना पायाखालची जमीन शेवटपर्यंत दिसत नाही. अर्धा फेरा कमी पडला तर मान. रशियाच्या येलेना प्रोदुनोवानं १९९९ मध्ये ती पहिल्यांदा केली, म्हणून तिचं नाव. त्यानंतर स्पर्धेत ही उडी यशस्वी करणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. बाइल्ससारखी बाई ज्या उडीच्या वाट्याला गेली नाही, ती आपल्या पोरीनं टिनाच्या शेडमध्ये शिकायची, आणि आपण त्याला हिंमत म्हणायचं?

पुढं काय झालं तेही सांगा ना. २०१७ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. आठ वर्षांच्या लेकराला तो व्हिडिओ दाखवला अन् ते दिवाणावरून उड्या मारून राहिलं. यात मला काळजी दिसते, अभिमान नंतर.

तर्री_पोहे
भाऊ, मग पोरींनी घरी बसायचं का?

इतवारीचा_बाप
मी असं कुठं म्हटलं? माझी मोठी स्केटिंग करते, रोज मीच नेतो. शिकवणाऱ्यानं काय, कधी आणि कोणत्या गादीवर शिकवायचं हे विचारायचा बापाला हक्क आहे, एवढंच म्हणतो.

अंक_मोजणारी
भाऊंचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो टाळून दीपाची गोष्ट सांगताच येत नाही. पण तिनं ती उडी वेडेपणानं घेतली असं नका समजू. तो हिशेब होता.

सफाईदार उडी म्हणजे काय? पाय जुळलेले, गुडघे ताठ, बोटं ताणलेली. हे सहाव्या वर्षापासून चांगली साधनं आणि चांगली शाळा असेल तर अंगात मुरतं. आपल्याकडे ते नव्हतं. तिचे प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांच्यापुढे प्रश्न हा, की सफाईत आपण रशियाला, अमेरिकेला गाठू शकत नाही, तर गुण कुठून आणायचे? अवघडपणातून. दोन भागांपैकी एका भागात मागे आहोत, तर दुसऱ्या भागात सगळ्यांच्या पुढे जायचं. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत याच हिशेबानं कांस्य आलं. जिम्नॅस्टिक्समध्ये राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०१५ मध्ये हिरोशिमाला आशियाई कांस्य, त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पाचवी. रिओच्या आधी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये तिनं ही उडी किती वेळा घोटली असेल ते मी मनातल्या मनातसुद्धा मोजू शकत नाही.

आणि भाऊ, नियम करणाऱ्यांनाही तुमच्यासारखीच काळजी वाटली असावी. रिओनंतर या उडीच्या अवघडपणाचे गुण कमी केले गेले.

जुनी_खेळाडू
गादीचा विषय निघाला म्हणून लिहिते.

मी नागपुरात शिकले, १९८६ ते १९९१. संस्थेचं नाव घेत नाही, तिथली माणसं चांगली होती, पैसा नव्हता. आमची उतरायची गादी काथ्याची. वरचं कापड फाटलं की शिक्षकांच्या घरून गोणपाट यायचं आणि आम्ही मुलीच दाभण घेऊन शिवायचो. मध्यभागी जिथं सगळ्या जणी उतरत तिथं काथ्या दबून खोलगट खड्डा झालेला. डावीकडे उतरलं तर टणक, मध्ये उतरलं तर खाली फरशी लागायची. एक चांगली जागा होती, उजव्या कोपऱ्याजवळ, ताटाएवढी. आम्ही सगळ्या हवेतून त्या ताटाएवढ्या जागेवर उतरायला शिकलो.

हाताला लावायची पांढरी पावडर संपली की फळ्याचा खडू ठेचायचा. मे महिन्यात टिनाखाली बारचा लोखंडी आधार धरला की चटका बसायचा, म्हणून सराव पहाटे. पाचव्या वर्षी मी त्या खड्ड्यात उतरले आणि डावं मनगट मोडलं. आईनं दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतलं. आज मी त्रेपन्न वर्षांची आहे, पावसाळा आला की मनगट सांगतं.

दीपाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती आगरतळ्याच्या व्यायामशाळेची गोष्ट होती. भंगारातल्या स्कूटरचे भाग जोडून नंदी सरांनी साधन बनवलं, गाद्या एकावर एक रचून व्हॉल्टचं टेबल केलं. मी पेपर खाली ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. माझ्यासाठी ती त्याच दिवशी चॅम्पियन झाली, ऑलिम्पिकच्या कितीतरी आधी. कारण मला ती गादी माहीत आहे.

नंदनवनचा_राजू
ताई, वाचून अंगावर काटा आला.

अंक_मोजणारी
जुनी_खेळाडू, तुमच्या खड्ड्यावरून एक आठवलं. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या वैयक्तिक ऑल-अराउंड फेरीत (सगळ्या साधनांचे गुण एकत्र धरतात ती) व्हॉल्टचा घोडा, म्हणजे हात टेकायचं साधन, १२५ ऐवजी १२० सेंटिमीटरवर लावला गेला होता. फक्त ५ सेंटिमीटर. जगातल्या उत्तमातल्या उत्तम मुली धडाधड पडायला लागल्या आणि बराच वेळ कोणाच्या लक्षातच आलं नाही. पंचवीस मीटर धावून येणाऱ्या मुलीचं शरीर ५ सेंटिमीटरही ओळखतं. तुमचं शरीर कोपऱ्यातली ताटाएवढी जागा ओळखत होतं.

अमरावतीकर
विषयांतर होईल, पण आपल्या विदर्भात हे बीज जुनं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचे लोक तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. लहानपणी आम्ही मल्लखांब करायचो. लाकडाला एरंडेल लावलेलं, मांड्या घासून लाल व्हायच्या, घरी आल्यावर आजी वासावरूनच ओळखायची. मल्लखांब करणारं पोरगं जिम्नॅस्टिक्सला गेलं की पकड आणि पोटाचा जोर आयता घेऊन जातं. ताई, तुमच्या लेकीला उन्हाळ्यात दोरीचा मल्लखांब शिकवून बघा.

तर्री_पोहे
अन् सराव झाल्यावर पोहे. पण लेकरासाठी तर्री कमी.

पावलांची_डॉक्टर
सपाट तळव्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

लहान मुलांचे तळवे सपाट दिसणं अगदी नेहमीचं आहे. तळव्याची कमान पहिल्या काही वर्षांत हळूहळू तयार होते, कित्येकांची आठ-दहा वर्षांपर्यंत होत राहते. घरी दोन गोष्टी करून बघा. पाय ओले करून कोरड्या फरशीवर ठसा उमटवा. मग तिला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. चवड्यांवर उभी राहिल्यावर आतल्या बाजूला कमान दिसली तर तो लवचिक सपाट तळवा आहे, आणि दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. कमान दिसलीच नाही, पाऊल कडक वाटलं किंवा पाय दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. तसंही एकदा दाखवायला हरकत नाही.

आणि ताई, दीपाचे तळवेसुद्धा सपाट होते. सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला जिम्नॅस्टिक्समध्ये घातलं. ते स्वतः वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. सपाट तळवा या खेळात अडचणीचाच, कारण उडी मारताना आणि उतरताना कमान स्प्रिंगसारखी काम करते. तिच्या पायांवर वर्षानुवर्षं काम केलं गेलं. बोटांनी टॉवेल ओढणं, वाळूत अनवाणी चालणं, चवड्यांवर उभं राहणं, असले साधे व्यायाम रोज करायचे असतात. कंटाळवाणे असतात, मुलं पळून जातात. लेकीला हे सांगून ठेवा.

धरमपेठचा_वाचक
सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी काढली नाही, ती मी काढतो, राग मानू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत बातमी आली होती, दीपावर उत्तेजक चाचणीत २१ महिन्यांची बंदी. नमुना २०२१ च्या ऑक्टोबरमधला. मुलीला चॅम्पियन म्हणून सांगायचं तर हेही सांगावं लागेल. मोठी झाल्यावर ती स्वतः शोधेल, तेव्हा आईनं लपवलं असं वाटायला नको.

अंक_मोजणारी
बरोबर आहे, लपवू नये. पूर्णच सांगावं. सापडलेला पदार्थ हायजेनामाइन. काही वनस्पतींमध्ये आणि त्यांपासून बनवलेल्या पूरक औषधांमध्ये तो असतो, २०१७ पासून तो बंदी असलेल्या यादीत आहे. दीपाचं म्हणणं, तो नकळत पोटात गेला. तिनं शिक्षा भोगली आणि १० जुलै २०२३ ला बंदी संपली. खेळणाऱ्या मुलीच्या घरात यातून शिकायचं एवढंच, की ताकदीची पावडर, काढा, गोळी, कोणीही कितीही प्रेमानं दिली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

जुनी_खेळाडू
आणि धरमपेठकर, बंदी संपल्यावर काय झालं तेही मग पूर्ण सांगू या. तेव्हा तिचं वय तिशीला आलेलं. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हँगझोऊच्या आशियाई खेळांसाठीच्या चाचणीत ती पहिली आली, तरी निकषात बसत नाही म्हणून संघात घेतलं नाही. माझ्यासारखीनं बूट काढून फेकले असते. आमच्या खेळात तर बूटही नसतात.

२०२४ च्या मे महिन्यात ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. व्हॉल्टमध्ये सुवर्ण, १३.५६६ गुण. त्या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय. वय तीस. मुली फार लहान वयात शिखरावर पोचतात अशा खेळात! त्याच्या आधी गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठून २०१८ मध्ये तुर्कीच्या मेर्सिनला वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण होतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती निवृत्त झाली.

ताई, तुमच्या लेकीनं विचारलं ना, चौथीला चॅम्पियन काऊन म्हणतात? तिला सांगा, गोष्ट चौथीवर संपत नाही. तू मधलंच पान वाचलंस.

इतवारीचा_बाप
ताश्कंदचं मला माहीत नव्हतं. रिओच्या रात्री आख्खा देश जागा होता, आणि सुवर्ण आलं तेव्हा आपल्यापैकी कोणी पाहिलं? मी तरी नाही. याचं मला खरंच वाईट वाटून राहिलं.

नंदनवनचा_राजू
मीही नाही पाहिलं, भाऊ.

कॉलेजची_पोरगी
मी जास्त करून नुसतं वाचते, पण एक सांगायचं आहे. रिओहून परत आल्यावर लगेच तिनं एम.ए.चा पेपर दिला होता, राज्यशास्त्राचा. मी तेव्हा दहावीत होते, वर्षभर मैदानाचं तोंड पाहायचं नाही असं घरात ठरलेलं. बाबांना ती बातमी वाचून दाखवली आणि मला संध्याकाळचा एक तास बॅडमिंटनला मिळाला. तो तास तिच्यामुळे मिळाला असं मी अजूनही मानते.

मानेवाड्याची_आई
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. कालचं सांगते.

संध्याकाळी मोरीत पाय ओले करून लेकीला ओट्यावर उभं केलं. पूर्ण तळव्याचा ठसा, पोळीसारखा. मग चवड्यांवर उभी राहा म्हटलं. मी मागे वाकून बसले आणि आतल्या बाजूला कमान दिसली, बारीक, पण दिसली! सासूबाई तोपर्यंत दारातून पाहत होत्या. काय चाललंय म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्या काही न बोलता मोरीत गेल्या, पाय ओला केला आणि लेकीच्या ठशाशेजारी ठेवला. त्यांचाही पोळीसारखाच. म्हणाल्या, "हे माझ्याकडून गेलं तिला. मी याच पायांनी बत्तीस वर्षं धान कापलं, मला तर कोणी डॉक्टर नाही दाखवला." दोघी आजी-नात मग भिंतीला धरून चवड्यांवर उभ्या. डॉक्टरांची वेळ मात्र शनिवारची घेतली आहे.

रात्री तिला पूर्ण गोष्ट सांगितली. स्कूटरचे भाग, ग्लासगो, ते एक मोठं पाऊल, गुडघा, बंदीसुद्धा. बंदीचं ऐकून गप्प झाली, म्हणाली, "तिला रडू आलं असेल." मग ताश्कंद सांगितलं. वय किती म्हणाली. तीस, मी म्हटलं.

"तीस? तुझ्याएवढी?"

मी बत्तीसची आहे. हो, जवळपास माझ्याएवढी.

अंधारात थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, उद्या पाचलाच उठव. सव्वापाचला नको."

भाऊ, दिवाणावरच्या उड्या बंद केल्या आहेत. सरांना गादीबद्दल विचारलं, त्यांनी बोलावून सगळी गादी हातानं दाबून दाखवली.

जुनी_खेळाडू
कोपरेसुद्धा दाबून पाहिले ना?

मानेवाड्याची_आई
चारही.